दुहीचा शाप नेमका कोणाला?

'दुही हा मराठ्यांना मिळालेला शाप आहे' हे वाक्य आपण प्रथम कोठे ऐकले, हे बहुधा कोणत्याच मराठी वाचकाला सांगता येणार नाही. ते आपल्याला जणू उपजतच ठाऊक असते. पेशवाईच्या ऱ्हासाची कारणे लिहिताना विद्यार्थी ते पहिल्या क्रमांकावर लिहितो. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत हिशेबावरून खडाजंगी झाली की कोणी तरी ज्येष्ठ सभासद ते उच्चारतो. एखादा पक्ष फुटला की अग्रलेखाच्या अखेरच्या परिच्छेदात ते हमखास हजर असते. खेकड्यांची गोष्ट हे त्याचेच धाकटे भावंड. इतरांच्या खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागते, मराठी खेकड्यांच्या टोपलीला लागत नाही, कारण एक वर चढू लागला की बाकीचे त्याचे पाय ओढतात, ही ती गोष्ट. सांगणारा हसत सांगतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि दोघांचेही समाधान होते.

हे समाधान कशाचे, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. दोषाची कबुली देताना माणसाला थोडे तरी बोचावे; येथे ते बोचत नाही. याचे कारण असे की या कबुलीच्या पोटात एक दावा दडलेला आहे. हा दोष आमचा, खास आमचा. दुसऱ्या कोणाकडे तो या तोलाचा सापडायचा नाही, असा तो दावा. सद्गुणांच्या बाबतीत अशी मक्तेदारी सांगणाऱ्यास आपण बढाईखोर म्हणतो. दुर्गुणांच्या बाबतीत सांगणाऱ्यास मात्र परखड म्हणतो. प्रस्तुत लेखात आम्हांला या परखडपणाचीच थोडी झडती घ्यावयाची आहे.

प्रथम मराठीच्या बाहेर डोकावू. हंगेरीत 'तुरानी शाप' नावाची एक समजूत रूढ आहे. तुरान म्हणजे मध्य आशियाचा प्रदेश. तेथून आलेल्या पूर्वजांबरोबर आपसांतील बेबनावाचा शापही आला, आणि म्हणून हंगेरियन माणसे कधी एक होऊ शकत नाहीत, असे ती सांगते. 'शाप' हा शब्दसुद्धा तोच. पोलंडमध्ये म्हणतात की दोन पोलिश माणसे जमली की तीन मते निघतात. युक्रेनमध्ये याच वाक्याने दरबारी वेष घातला आहे: दोन युक्रेनियन जमले की तीन हेटमन होतात, हेटमन म्हणजे कोसॅकांचा सर्वोच्च सरदार. आयर्लंडची म्हण अधिक जहाल आहे. एका आयरिश माणसाला सळईवर भाजायचे असेल, तर सळई फिरवायला दुसरा आयरिश माणूस मिळतोच, असे ती म्हणते. अरबी बोलणारे लोक स्वतःविषयी म्हणतात की अरबांचे एकाच गोष्टीवर एकमत झाले आहे, ते म्हणजे एकमत न होण्यावर. आणि खेकडे? फिलिपिन्समध्ये दुसऱ्याचे बरे न पाहवणाऱ्यास 'खेकड्याच्या डोक्याचा' म्हणतात, आणि हा फिलिपिनो स्वभावच आहे असे तेथील वडीलधारे सांगत असतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांतही पिंपातल्या खेकड्यांचा दाखला स्वतःच्या समाजाविषयीच दिला जातो. झाकण न लागणारी टोपली केवळ आपल्याच अंगणात आहे असे मानणारे लोक निदान तीन खंडांवर पसरलेले आहेत.

एवढ्यावर थांबून 'माणूस सगळीकडे सारखाच' असे म्हणता आले असते. ते खोटे नाही; पण त्याने फारसे काही कळत नाही. वरची यादी पुन्हा एकदा पाहिली की तिच्यात एक सूत्र दिसते. हंगेरीचे राज्य १५२६ साली मोहाचच्या लढाईत ऑटोमन तुर्कांपुढे कोसळले, आणि १९२० च्या त्रियानोंच्या तहाने त्या देशाचा सुमारे दोन-तृतीयांश मुलूख गेला. पोलंडचे शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ असे तीन वेळा लचके तोडले आणि शेवटी नकाशावर त्याचे नावही उरले नाही. युक्रेनच्या हेटमनांची सत्ता रशियाने गिळली. आयर्लंड इंग्लंडच्या ताब्यात गेले. फिलिपिन्सवर तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे आणि १८९८ नंतर अमेरिकेचे राज्य होते. दुहीला आपल्या रक्ताचा गुण मानणारे हे समाज बहुतेक सगळे राज्य गमावलेले समाज आहेत. दुही सर्वत्र असते. तिला शाप म्हणण्याची पाळी मात्र हरलेल्यांवर येते.

मग जिंकलेले लोक आपल्या दुहीला काय म्हणतात? इंग्लंडचेच पाहा. १६४२ पासून तेथे राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झाले आणि १६४९ मध्ये राजाचे मस्तक उडवले गेले. १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्सविरुद्ध सात बड्या असामींनी त्याच्याच जावयाला पत्र पाठवून सैन्यासह बोलावले. जावई विल्यम डच फौज घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. राजाचा विश्वासू सेनानी जॉन चर्चिल छावणी सोडून त्याला जाऊन मिळाला. राजाच्या दोन्ही मुली बापाच्या विरुद्ध पक्षात गेल्या. घरचा तंटा, परक्या फौजेला आवतण, ऐन वेळी सेनापतीची फितुरी: राघोबादादांच्या चरित्रात जे जे आपल्याला लाजिरवाणे वाटते ते सगळे येथे आहे. इंग्रज मात्र या घटनेला 'वैभवशाली क्रांती' म्हणतात आणि आपल्या संसदीय परंपरेचा उगम तिच्यात पाहतात. तो अर्थ लावणे सर्वस्वी चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. घटना सारखीच असली तरी तिचे नाव पुढच्या यशापयशावरून ठरते, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे.

आता आपल्या इतिहासाकडे येऊ. दुही जर रक्तात असेल तर ती सर्वकाळ सारखी दिसली पाहिजे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. पेशवेपदासाठी राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि १७७५ मध्ये त्यांनी सुरतेचा तह केला. येथवर शापाची कथा ठीक चालते. पण त्याच काळात नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन बारभाईंचे कारस्थान उभे केले आणि तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य राखले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना शरणागतीचा करार करावा लागला. तेथे शिंदे आणि होळकर एकाच बाजूला होते. पुढे पुण्याचे दरबार, नागपूरकर भोसले, निजाम आणि हैदर अली यांनी इंग्रजांविरुद्ध एकत्र फळी उभारण्याचा घाट घातला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध जवळजवळ सगळे मराठे सरदार एका निशाणाखाली लढले. आणि अवघ्या साडेसात वर्षांनी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर रोजी त्याने वसईच्या तहावर सही केली.

साडेसात वर्षांत रक्त बदलत नाही. बदलले ते दुसरेच काही. १७९४ मध्ये महादजी शिंदे गेले, १७९५ च्या अखेरीस सवाई माधवराव गेले, १७९७ मध्ये तुकोजी होळकर आणि १८०० मध्ये नाना फडणीस गेले. सहा वर्षांत चार खांब कोसळले, आणि त्यांतील तिघांच्या मागे वारसाहक्काचे तंटे उभे राहिले. तंटा मिटवू शकेल अशी सर्वमान्य संस्था उरली नव्हती. छत्रपती साताऱ्यात नामधारी होते आणि पेशवा स्वतःच तंट्यातला एक पक्ष होता. उलट कंपनीचा गव्हर्नर जनरल बदलला तरी कंपनी तशीच राहत असे. कलकत्त्यात नवा साहेब आला म्हणून वारसायुद्ध होत नसे. शिवाय कंपनीला कर्ज मिळत होते. वेलस्लीच्या कारकिर्दीत ते भयंकर फुगले, पण फौजेचा पगार चुकता होत राहिला. १८०३ मध्ये कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना फोडले. शिंद्यांच्या कवायती फौजेचा फ्रेंच सेनापती पेराँ कंपनीच्या आश्रयाला गेला. अलिगडचा किल्ला घेताना वाट दाखवायला शिंद्यांकडून फुटलेला ल्यूकन हा अधिकारी होता. ही फितुरी करणारे मराठे नव्हते. आणि तिचा खर्च कंपनीच्या जमाखर्चात मांडता येण्याजोगा होता. रॅन्डॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या युद्धाचा निकाल स्वभावाऐवजी लष्करी नोकरीच्या बाजारावरील ताब्याने लावला आहे, तो यासाठीच लक्षात घेण्याजोगा आहे.

पानिपताचीही गोष्ट निराळी नाही. १४ जानेवारी १७६१ चा तो पराभव आपण आपल्या दुहीचा परमावधी म्हणून सांगतो. विजयी अब्दालीच्या घरात काय झाले ते सहसा सांगत नाही. चाळीस वर्षांच्या आत त्याचे नातू तख्तासाठी एकमेकांच्या जिवावर उठले, आणि त्यांतील एकाने, महमूदने, आपला सावत्र भाऊ झमानशाह याचे डोळे काढवले.

'भाऊबंदकी' हा आपला शब्दही याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्याचे मूळ स्वभावात नसून वतनात आहे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेने चालत; त्यांचे हिस्से पडत; मानपान, शेताचा तुकडा, होळीच्या पहिल्या पोळीचा मान, सगळ्याला वाटेकरी असत. जेथे उपजीविकाच भावाच्या हिश्श्याशी बांधलेली असते तेथे भाऊ हाच पहिला प्रतिवादी होतो. राज्याच्या पातळीवरही हेच घडले. १६८९ नंतर राजाराम महाराजांच्या काळात सरदारांना वतने आणि जहागिरी सढळ हाताने द्याव्या लागल्या, कारण मोगल बादशहाही त्याच सरदारांना तेच देऊ करीत होता. आन्द्रे विन्क यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले आहे की ज्याला आपल्या कागदपत्रांत फितवा म्हणतात तो त्या काळच्या राजकारणातील अपवाद नव्हता. प्रतिपक्षाची माणसे वळवून घेणे हीच राज्य वाढविण्याची नेहमीची रीत होती. त्यांच्या मांडणीवर मतभेद आहेत. तरी एक गोष्ट तिने दाखवून दिली आहे: आपण ज्याला नैतिक अधःपतन म्हणतो त्याला रचना होती, आणि ती रचना मराठ्यांपुरती नव्हती.

येथे साहित्याच्या अभ्यासकांनी भाषेकडे लक्ष द्यावे. आपल्या जुन्या म्हणींत आपसातल्या घाताविषयी पुष्कळ आहे. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही त्यांतली सर्वांत नेमकी. पण तीत मराठी माणूस नाही, गोत आहे. लाकडाचाच दांडा लाकडाचा काळ होतो ही कल्पना इसापाच्या नीतिकथांत आहे, तुर्की म्हणींतही आहे, आणि ती कोणत्याही जंगलाला लागू पडते. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' यातले घर कोणाचेही असू शकते. जुन्या म्हणी ब्राह्मणावर आहेत, कुणब्यावर आहेत, सासूवर, जावयावर आणि सोनारावर आहेत. 'मराठी माणूस' हा कर्ता मात्र त्यांत सहसा भेटत नाही. हा कर्ता आधुनिक आहे. तो जन्मास येण्यासाठी आधी कोणी तरी एका सबंध समाजाकडे बाहेरून पाहून त्याचा स्वभाव लिहून काढावा लागतो.

ते काम एकोणिसाव्या शतकात झाले. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. थोड्याच वर्षांत तो मराठीत आला आणि शाळांतून वाचला गेला. जिंकणाऱ्याने लिहिलेला आपला इतिहास आपण पाठ्यपुस्तक म्हणून शिकलो. पुढे १८८३ मध्ये सीली या इंग्रज इतिहासकाराने आपल्या व्याख्यानांतून असे मांडले की इंग्रजांनी हिंदुस्थान जिंकला असे म्हणणेच बरोबर नाही. राष्ट्रभावना नसल्याने हिंदुस्थानाने स्वतःलाच जिंकून दिले. साम्राज्याला याहून सोयीचे स्पष्टीकरण कोणते असणार! आपल्याकडील विचारवंतांनी या इतिहासाशी झगडाही केला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफवर टीका लिहिली. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेचा उदय हा सह्याद्रीतला अपघाती वणवा नव्हता, हे दाखविले. पण उदयाचा अर्थ परत मिळविताना ऱ्हासाचा अर्थ बहुतांशी तसाच राहिला. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा सुरतेच्या काँग्रेसमधली १९०७ ची फूट ताजी होती. प्रेक्षकांना राघोबांच्या कथेत स्वतःचा काळ दिसला असेल तर नवल नाही. राष्ट्रवाद्यांना दुहीची निंदा हवी होती, कारण त्यांना एकी हवी होती. त्यांचा हेतू चांगला होता. परिणामी मात्र एक राजकीय ताकीद हळूहळू स्वभावाचे निदान होऊन बसली.

आणि निदान झाले की चौकशी थांबते. याचे मोल कोण चुकवतो ते पाहिले पाहिजे. 'मराठी माणसाला धंदा जमत नाही, तो एकमेकांचे पाय ओढतो' असे म्हटले की भांडवल कोणाकडे होते, सावकारी कोणाच्या हाती होती, व्यापाराची जाळी कोणत्या जातींपुरती बंद होती, हे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि पगाराविना वर्षाहून अधिक काळ टिकले. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी त्यांना धान्य पुरवले. तो संप फसला. पण खेकड्याच्या गोष्टीने त्याची कारणे सांगता येत नाहीत; त्यासाठी गिरण्यांची जुनाट यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनीच्या किमती आणि सरकारचे धोरण यांकडेच जावे लागते. टोपली काही खेकड्यांनी विणलेली नसते.

याचे उलटे टोकही तितकेच फसवे आहे. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. हा दाखला देऊन कोणी म्हणेल की सहकार मराठी मातीतच आहे. पण इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्येच सहकारी दुकान काढले होते. प्रवरेकाठी सहकार रुजला यात भंडारदरा धरणाचे पाणी, ऊस, कायदा, सरकारी भागभांडवल आणि काही माणसांची चिकाटी यांचा वाटा आहे. स्वस्तुती आणि स्वनिंदा यांचे व्याकरण एकच. जपानी माणूस अभिमानाने सांगतो की जपानला चार ऋतू आहेत. जणू इतरत्र पाने गळत नाहीत. हे निरुपद्रवी वाटते. पण १९८७ मध्ये अमेरिकन गोमांसाच्या आयातीचा वाद चालू असताना तेथील सत्ताधारी पक्षाचे नेते त्सुतोमु हाता, जे पुढे पंतप्रधान झाले, त्यांनी जपानी माणसाचे आतडे लांब असल्याने त्याला जास्त गोमांस पचत नाही असे सांगितले. वेगळेपणाच्या वाक्याला मालक असतो आणि त्याचा कोणाला तरी लाभ होत असतो.

तर मग दुहीविषयी बोलूच नये काय? बोलावे, पण कसे, याचे दोन धडे आपल्याच परंपरेत आहेत. महात्मा फुल्यांनी एकीचा अभाव पाहिला होता, परंतु तो शाप मानला नाही. जातींनी चिरफाळलेला समाज एकजीव झाल्यावाचून त्याचे राष्ट्र कसे होणार, असे त्यांनी विचारले. म्हणजे दुहीचा पत्ता त्यांनी रक्तात न शोधता व्यवस्थेत शोधला. दुसरा धडा डॉ. आंबेडकरांचा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात त्यांनी तीच परिचित यादी वाचली होती: सिंधच्या दाहीर राजाचे फुटलेले सरदार, जयचंद, शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूने लढणारे मराठे सरदार. यादी तीच, निष्कर्ष मात्र वेगळा. इतिहासाची पुनरावृत्ती होईल काय, या काळजीतून ते राष्ट्रीय स्वभावाच्या विलापाकडे वळले नाहीत. राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीचा पाया द्यावा लागेल, आणि स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येणार नाही, या मागणीकडे ते वळले.

शापाला उःशाप लागतो, आणि तो देणारा ऋषी कोठून तरी यावा लागतो. रचनेचे तसे नाही. ती माणसांनी केलेली असते आणि माणसांना मोडता येते. वर्गात 'पेशवाई का बुडाली' हा प्रश्न पुढच्या वेळी येईल तेव्हा 'दुहीमुळे' या उत्तराला शिक्षकांनी गुण द्यावेत की न द्यावेत, हे त्यांनी ठरवावे. आमची सूचना एवढीच आहे की त्या उत्तरानंतर आणखी एक प्रश्न विचारावा: ही दुही १७९५ मध्ये कोठे गेली होती? त्याचे उत्तर शोधणारा विद्यार्थी वतनाच्या कागदांपर्यंत, सावकाराच्या वहीपर्यंत आणि वारसाच्या तंट्यापर्यंत पोहोचेल. तेथे त्याला हेही दिसेल की भाऊबंदकी आणि बंधुता हे दोन्ही शब्द एकाच नात्यातून निघाले आहेत. त्यांतला कोणता वाट्यास येईल हे भावांच्या रक्तावर फारसे ठरत नाही. घर कसे बांधले आहे आणि त्यात कोणाचा किती हिस्सा आहे, यावर ते ठरते.